क्यूबवर नक्षी कशी उमटवायची : नवशिक्यांसाठी पायरीपायरीने

रुबिक क्यूब सोडवता आला की बहुतेक जण घड्याळ लावून बसतात. किती सेकंदांत सुटला, एवढाच प्रश्न मग उरतो. हा लेख दुसऱ्या वाटेने जाऊ पाहणाऱ्यांसाठी आहे. सुटलेला क्यूब ठरवून असा फिरवायचा की सहाही बाजूंवर चौकड्या, ठिपके, पट्टे, क्रॉस उमटतील, आणि मग तितक्याच शांतपणे तो पुन्हा मूळ जागी आणायचा. या छंदाला वेग लागत नाही, महागडा क्यूब लागत नाही, वयाची अट नाही. सोलापुरात माझ्याकडे शिकायला मुलं येतात, त्यांच्या आया आणि आजोबाही येतात, आणि सगळे त्याच चार-पाच जागी अडतात. त्या जागा आधीच कळल्या तर पुढचं काम फार सुखाचं होतं.

आमच्या घरी चादरीच्या नक्षीचे ग्राफ काढण्याचं काम चालायचं. चौकोनी घरांच्या कागदावर एकेक घर रंगवत नक्षी बसवायची ही सवय तिथून लागली, आणि क्यूबची ५४ घरं मला पहिल्यापासून तशीच दिसली.

१. आधी काय जमवायचं

- ३×३ चा एक क्यूब, स्टिकर नसलेला, म्हणजे रंगीत प्लास्टिकचाच
- ग्राफ कागदाची वही
- पेन्सिल, खोडरबर, सहा रंगांच्या पेन्सिली
- क्यूबसाठीचं सिलिकॉन ल्युब, म्हणजे वंगण (सुरुवातीला नसलं तरी चालतं)
- मऊ सुती फडकं

क्यूब नवी पेठेतल्या खेळण्यांच्या दुकानात मिळतो, ऑनलाइनही मिळतो. जानेवारीत होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरते तेव्हा तिथल्या स्टॉलवरही ढिगाने असतात. स्टॉलवरचा घेणार असाल तर दोन गोष्टी तिथेच तपासा. एक, थर अर्धवट फिरवून सोडला तर पुढचा थर अडतो का. दोन, पांढऱ्याच्या समोर पिवळा, हिरव्याच्या समोर निळा आणि लालच्या समोर केशरी रंग आहे का. काही स्वस्त क्यूबवर रंगांची मांडणी वेगळी असते. नक्षी त्यावरही उमटते, पण मी पुढे जे रंग सांगणार आहे ते जुळणार नाहीत आणि तुम्हाला वाटेल की आपलंच चुकलं.

स्टिकरचा क्यूब टाळा असं मी आग्रहाने सांगते, कारण आपला उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो, स्टिकरचा गोंद मऊ पडतो आणि कोपरे उचलले जातात. गाडीच्या डिकीत क्यूब ठेवू नका. आणि क्यूब जड फिरतो म्हणून घरातलं खोबरेल किंवा शिवणयंत्राचं तेल त्यात घालू नका. खोबरेलावर धूळ बसून चिकटा धरतो आणि खनिज तेलांनी प्लास्टिक खराब होऊ शकतं.

२. सोडवायला शिका, पण सावकाश पद्धत पुरे

नक्षीचं सूत्र, म्हणजे क्रमाने लिहिलेल्या चाली (चाल म्हणजे एका थराचा एक फेरा), वाचून क्यूब फिरवायला सोडवण्याची विद्या लागत नाही. पण दहाव्या चालीला हात चुकला की क्यूब विस्कटतो, आणि तो पुन्हा सुटलेल्या स्थितीत आणल्याशिवाय नवी सुरुवात करता येत नाही. म्हणून थराथराने सोडवायची साधी पद्धत शिकून घ्या: आधी वरचा क्रॉस, मग पहिला थर, मधला थर, शेवटचा थर. त्याला पाच मिनिटं लागली तरी आपल्या कामाला पुरेशी आहेत.

इथला सर्वांत मोठा सापळा म्हणजे क्यूब उघडून तुकडे पुन्हा बसवणं. घरातलं कुणीतरी प्रेमाने तसं करून देतं. तुकडे वाटेल तसे बसवले तर तो क्यूब सोडवता येण्यासारखा असण्याची शक्यता १२ त १ एवढीच असते. एकच कोपरा जागेवर मुरडणं, एकच कडेचा तुकडा उलटा होणं, फक्त दोन तुकड्यांची अदलाबदल होणं, या गोष्टी फिरवून कधीच घडत नाहीत. उघडून बसवताना मात्र त्या सहज घडतात. मग तुमचं सूत्र बरोबर असूनही एक घर कायम चुकीचं दिसत राहतं. उघडायचाच असेल तर सुटलेल्या स्थितीतच उघडा आणि तुकडे रंग जुळवून त्याच जागी लावा.

३. चालींची भाषा

या पायरीवर घाई करू नका. बाकी सगळं हिच्यावर उभं आहे.

क्यूबचे दिसणारे तुकडे २६. आठ कोपरे, बारा कडेचे तुकडे, आणि प्रत्येक बाजूच्या मधोमध एक अशी सहा मधली घरं. मधली घरं आतल्या सांगाड्याला जोडलेली असतात, ती एकमेकांच्या संदर्भात जागा सोडत नाहीत. हे वाक्य लक्षात ठेवा, सहाव्या आणि सातव्या पायरीत ते लागेल.

इंटरनेटवर चाली आर, एल, यू, डी, एफ, बी या इंग्रजी अक्षरांनी लिहिलेल्या असतात. मी मुलांना मराठी अक्षरं देते, म्हणजे अक्षर वाचलं की बाजू आपोआप कळते:

उ – उजवी, डा – डावी, व – वरची, खा – खालची, पु – पुढची, मा – मागची

नुसतं अक्षर म्हणजे त्या बाजूकडे तोंड करून पाहिल्यावर घड्याळाच्या दिशेने पाव फेरा. अक्षरापुढे ’ ही खूण असेल तर उलट दिशेने पाव फेरा. २ असेल तर अर्धा फेरा, मग दिशा कुठलीही घ्या.

घोटाळा होतो तो "त्या बाजूकडे तोंड करून" या शब्दांपाशी. क्यूब आपण पुढून पाहत असतो, आणि डाव्या, खालच्या, मागच्या बाजूची घड्याळाची दिशा पुढून उलटी भासते. म्हणून पुढून काय दिसतं तेच पाठ करा:

- उ : पुढची उजवी पट्टी वर जाते
- डा : पुढची डावी पट्टी खाली जाते
- व : पुढची वरची पट्टी डावीकडे जाते
- खा : पुढची खालची पट्टी उजवीकडे जाते
- पु : वरच्या बाजूची पुढची ओळ उजवीकडे जाते
- मा : वरच्या बाजूची मागची ओळ डावीकडे जाते

आता क्यूब धरायची रीत. पांढरा वर, हिरवा पुढे. मग उजवीकडे लाल, डावीकडे केशरी, मागे निळा, खाली पिवळा येतो. सूत्र सुरू झाल्यापासून संपेपर्यंत ही पकड बदलायची नाही. मागची चाल आली की पुष्कळ जण क्यूबच फिरवून घेतात आणि पुढच्या चालीला "पुढे" कुठे होतं ते हरवतं. मागचा थर डाव्या हाताच्या बोटांनी ढकलायची सवय करा. मधली घरं जागची हलत नसल्याने खात्री करणं सोपं आहे: कधीही पाहा, पुढच्या बाजूचं मधलं घर हिरवं आणि वरचं पांढरं असलं पाहिजे.

भाषा पक्की झाली का, याची परीक्षा: सुटलेल्या क्यूबवर उ व उ’ व’ या चार चाली सहा वेळा करा. क्यूब विस्कटत जाईल, आणि सहाव्या फेरीच्या शेवटी पूर्ण सुटलेला असेल. नसेल तर वरची यादी पुन्हा वाचा. ही परीक्षा उतरल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणखी एक सापळा फोनचा. सूत्र एकाने दुसऱ्याला पाठवताना, नाहीतर उतरवून घेताना ’ ही खूण गळून जाते. आठ चालींतली एक खूण गळली तरी नक्षीऐवजी नुसता विस्कोट हाती येतो. सूत्र वहीत लिहून घ्या, चार-चार चालींचे गट पाडा (पुढे गटांच्या मध्ये मी – अशी रेघ दिली आहे) आणि मूळ सूत्राशी पडताळा.

४. पहिली नक्षी : पट्टे आणि चौकड्या

सूत्र: उ२ डा२ व२ खा२ पु२ मा२

सहाच चाली, सगळे अर्धे फेरे, म्हणून दिशेची काळजीच नाही. पण एका दमात करून टाकू नका. दर दोन चालींनी थांबा.

उ२ डा२ झाल्यावर पुढे निळा-हिरवा-निळा असे उभे पट्टे दिसतील. वर पिवळा-पांढरा-पिवळा. उजवी आणि डावी बाजू कोरी. म्हणजे दोन चालींत चार बाजूंवर पट्टे आले.

व२ खा२ झाल्यावर पुढची आणि मागची बाजू चौकड्यांची होते, वर पट्टे राहतात आणि उजव्या-डाव्या बाजूंवरही पट्टे येतात.

पु२ मा२ केल्यावर सहाही बाजूंवर चौकड्या.

आता क्यूब हातात घेऊन समोरासमोरच्या बाजू पाहा. पुढे हिरव्यात निळी घरं, मागे निळ्यात हिरवी. वर पांढऱ्यात पिवळी, खाली पिवळ्यात पांढरी. सोलापुरी चादर उलटी करून पाहिली की नक्षी तीच आणि रंगांची अदलाबदल झालेली दिसते, तसंच हे. चादरीत ते दुहेरी विणीमुळे होतं, इथे अर्ध्या फेऱ्यांमुळे. अर्ध्या फेऱ्याने कोणतंही घर आपल्या समोरासमोरच्या जोडीबाहेर पडत नाही. पांढरं घर वर असेल नाहीतर खाली, डाव्या बाजूला कधीच जाणार नाही.

परत यायचं असेल तर हेच सूत्र पुन्हा करा, क्यूब सुटेल.

५. ठिपके

चार ठिपके: पु२ मा२ व खा’ – उ२ डा२ व खा’

पुढे निळ्यात हिरवा ठिपका, मागे हिरव्यात निळा, उजवीकडे केशरीत लाल, डावीकडे लालमध्ये केशरी. वर आणि खाली कोरं. पुन्हा एकदा केलं की क्यूब सुटतो.

सहा ठिपके: व खा’ उ डा’ – पु मा’ व खा’

इथे चुकण्याची जागा एकच आहे, आणि तिच्यावर नेमका उपाय आहे. हे सूत्र जोड्यांत वाचा: व खा’, उ डा’, पु मा’, व खा’. प्रत्येक जोडीत समोरासमोरचे दोन थर एकाच दिशेने जातात. व खा’ मध्ये वरची आणि खालची, दोन्ही पट्ट्या डावीकडे. उ डा’ मध्ये उजवी आणि डावी, दोन्ही वर. पु मा’ मध्ये वरच्या बाजूची पुढची आणि मागची, दोन्ही ओळी उजवीकडे. जोडीतले दोन थर एकमेकांच्या उलट जात असतील तर तिथेच थांबा, ती चाल परत घ्या.

झाल्यावर पडताळणी: पुढे लालमध्ये हिरवा ठिपका, वर हिरव्यात पांढरा, उजवीकडे पांढऱ्यात लाल. या तीन बाजू जिथे भेटतात तो कोपरा समोर धरून पाहा, तीन रंग एकेक बाजू पुढे सरकलेले दिसतात. म्हणूनच हे सूत्र दोनदा करून क्यूब सुटत नाही. तीनदा करावं लागतं.

परत येण्याची रीत

कुठलीही नक्षी मोडायची खात्रीची पद्धत म्हणजे सूत्र शेवटाकडून वाचायचं आणि प्रत्येक चालीची दिशा उलटायची. उ चं उ’, उ’ चं उ, आणि २ तशीच राहते. उ व उ’ व’ चं उलटं व उ व’ उ’. ही कसरत वहीत लिहून करा, डोक्यात नको. तेच तेच सूत्र पुन्हा पुन्हा करत राहिलं तरी क्यूब कधीतरी मूळ जागी येतोच, पण काही सूत्रांना फार फेऱ्या लागतात. नुसतं उ व हे दोन चालींचं सूत्र १०५ वेळा करावं लागतं. सर्वांत हट्टी सूत्राला १२६० फेऱ्या लागतात, त्याहून जास्त कुणालाच नाही.

६. नक्षीवर नक्षी

माझ्या मते छंद खरा इथून सुरू होतो. बहुतेक जण सूत्रांची लांब यादी जमवतात आणि प्रत्येक नक्षी सुटी पाठ करतात. त्यापेक्षा हातात आलेल्या तीन नक्षींचा अर्थ समजून घ्या, त्यांच्यातूनच नव्या निघतात.

चार ठिपक्यांच्या सूत्राने नेमकं काय केलं? कोपरे आणि कडेचे तुकडे मिळून जी काया होते ती सगळी उभ्या अक्षाभोवती अर्धी फिरली आणि मधली सहा घरं जागेवर राहिली. वर-खाली फरक दिसला नाही, कारण तिथे रंग तोच. सहा ठिपक्यांमध्ये हीच काया पुढच्या-वरच्या-उजव्या कोपऱ्याला धरून तिसरा हिस्सा फिरली. म्हणजे ठिपक्यांचं सूत्र कुठल्याही नक्षीवर चालवलं तरी ती नक्षी मोडत नाही. ती अख्खी सरकते आणि मधली घरं तेवढी मागे राहतात. एवढं कळलं की या जोड्या स्वतःच सुचतात:

*चौकड्या, त्यावर चार ठिपके.* पुढे हिरवा क्रॉस आणि चार निळे कोपरे. उजवीकडे लाल क्रॉस, केशरी कोपरे. मागे आणि डावीकडेही क्रॉस. वर आणि खाली चौकड्या तशाच. चौदा चालींत चार क्रॉस, आणि नवीन काहीही पाठ करावं लागलं नाही.

*चौकड्या, त्यावर सहा ठिपके.* प्रत्येक बाजूवर तीन रंग. पुढे कोपरे लाल, कडा केशरी, मधलं घर हिरवं. मला ही सर्वांत देखणी वाटते, कारण एकाही बाजूवर कुठला रंग भारी होत नाही.

*उ२ डा२ चे पट्टे, त्यावर चार ठिपके.* पुढे आणि मागे इंग्रजी एच अक्षर, वर आणि खाली पट्टे, उजवीकडे-डावीकडे ठिपके. एका क्यूबवर तीन वेगळ्या नक्षी, दहा चालींत.

करण्याआधी ग्राफ कागदावर सहाही बाजू काढून काय येईल ते रंगवा, मग क्यूब फिरवा. अंदाज आणि क्यूब जुळला की मिळणारं समाधान सेकंदांच्या शर्यतीत मला कधी मिळालं नाही. जोडनक्षी मोडताना नंतर केलेली आधी मोडा.

७. जे होत नाही ते ओळखा

ग्राफवर काहीही रंगवता येतं. क्यूबवर येत नाही. हे माहीत नसलं की चांगली मुलं तासन् तास अशा नक्षीच्या मागे लागतात जी अस्तित्वातच नाही.

मुलं सर्वांत जास्त मागतात ती नक्षी अशी: फक्त पुढचा आणि मागचा ठिपका बदलायचा, बाकी चार बाजू कोऱ्या. होत नाही. मधली सहा घरं एका सांगाड्यावर आहेत. ठिपके उमटवणं म्हणजे तो सांगाडा कायेच्या आत वळवणं. वळवून जे येईल तेच मिळेल. एकच जोडी बदलायची तर सांगाड्याची आरशातली प्रतिमा लागेल, आणि कितीही वळवलं तरी वस्तूची आरशातली प्रतिमा हातात येत नाही. याच कारणाने समोरासमोरच्या रंगांचे क्रॉस सहाही बाजूंवर येत नाहीत. तीनही जोड्या एकदम बदलल्या तरी ती आरशाचीच प्रतिमा होते. म्हणून सहाव्या पायरीत चारच क्रॉस मिळाले, वर-खाली चौकड्या राहिल्या.

आणखी एक: चार बाजूंचे ठिपके एकेक बाजू शेजारी सरकवणं, म्हणजे हिरवा उजवीकडे, लाल मागे, असं. हे वळवून जमेलसं वाटतं, पण तेही होत नाही. असा पाव वळसा घ्यायचा तर कडेच्या तुकड्यांत दोन-दोनच्या अदलाबदली विषम संख्येने लागतात आणि कोपऱ्यांत सम संख्येने, आणि क्यूबच्या प्रत्येक चालीत दोन्हींचं सम-विषम बरोबरीनेच बदलतं. अर्धा वळसा किंवा तिसरा हिस्सा चालतो, पाव वळसा चालत नाही.

एवढ्या बंधनांनंतरही शिल्लक स्थिती ४,३२,५२,००,३२,७४,४८,९८,५६,००० आहेत. नक्षींची टंचाई पडणार नाही.

८. मोठी सूत्रं : क्यूबात क्यूब आणि सुपरफ्लिप

क्यूबात क्यूब: पु डा पु व’ – उ व पु२ डा२ – व’ डा’ मा खा’ – मा’ डा२ व

पंधरा चाली. पुढच्या-वरच्या-उजव्या कोपऱ्याकडे पाहा, मोठ्या क्यूबमध्ये छोटा क्यूब बसवल्यासारखा दिसेल: हिरव्या चौकोनाला लाल किनार, पांढऱ्याला हिरवी, लालला पांढरी. नेमका विरुद्ध कोपरा पाहायला विसरू नका, तिथेही तसाच एक छोटा क्यूब आहे. पाहुण्यांना दाखवायला हिच्यासारखी नक्षी नाही. तीनदा केली की क्यूब सुटतो.

मध्येच चूक झाल्याची शंका आली तर पुढे रेटू नका. सूत्र गटांत लिहिलं असेल तर कितव्या गटात आहात हे बोट ठेवून कळतं, आणि तेवढंच उलटं करून परत येता येतं. शिकताना गट मोठ्याने म्हणा. आमच्याकडची बरीच मुलं घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात, ती तर चालींची अक्षरं पाढ्यांसारखी चालीत म्हणतात, आणि त्यांच्या चुका सर्वांत कमी होतात.

सुपरफ्लिप: व उ२ पु मा – उ मा२ उ व२ – डा मा२ उ व’ – खा’ उ२ पु उ’ – डा मा२ व२ पु२

आठही कोपरे जागेवर, मधली घरं जागेवर, आणि बाराही कडेचे तुकडे आपापल्या जागीच उलटे. प्रत्येक बाजूवर स्वतःच्या रंगाची फुली दिसते आणि चार कडांवर चार शेजाऱ्यांचे रंग. या नक्षीचं मोल फक्त दिसण्यात नाही. तिला वीस चाली लागतातच, त्याहून कमी चालत नाहीत, हे मायकेल रीड यांनी १९९५ मध्ये सिद्ध केलं. आणि कोणताही क्यूब जास्तीत जास्त वीस चालींत सुटतो, हे टॉमस रोकिकी, हर्बर्ट कोसिएंबा, मॉर्ली डेव्हिडसन आणि जॉन डेथरिज यांनी २०१० मध्ये संगणकाच्या मदतीने दाखवलं. एर्नो रुबिक यांनी १९७४ मध्ये बुडापेस्टमध्ये क्यूब बनवल्यानंतर छत्तीस वर्षांनी ही गोष्ट पक्की झाली. म्हणजे सुपरफ्लिप हातात धरलात की सुटलेल्या क्यूबपासून जितकं लांब जाता येतं तितके लांब तुम्ही गेलेले असता. दोनदा केली की परत.

९. स्वतःची नक्षी

सुरुवात फक्त अर्ध्या फेऱ्यांनी करा. चौथ्या पायरीत पाहिलं तसं, प्रत्येक बाजूवर दोनच रंग राहतात, त्यामुळे जे येतं ते बहुतेक वेळा नक्षीसारखंच दिसतं. अर्ध्या फेऱ्यांनी मिळणाऱ्या स्थिती ६,६३,५५२ आहेत. जोडीने चाली करा, एक थर फिरवला की समोरचाही फिरवा, म्हणजे दोन्ही अंगं सारखी राहतात. प्रत्येक चाल *आधी* लिहा आणि मग करा. उलट क्रमाने केलंत तर सुंदर काहीतरी येतं आणि ते कसं आलं हे सापडत नाही.

ग्राफवर नक्षी आधी काढली असेल आणि सूत्र हवं असेल, तर कोसिएंबा यांचाच क्यूब एक्सप्लोरर नावाचा मोफत प्रोग्राम संगणकावर मिळतो. त्यात रंग भरले की तो सूत्र देतो, आणि स्थिती अशक्य असेल तर तसंही सांगतो. सातवी पायरी समजण्याआधी त्याचा आधार घेऊ नका.

वहीत एका पानावर एकच नक्षी ठेवा: वर उलगडलेल्या क्यूबची सहा चौकटींची आकृती, खाली सूत्र, त्याखाली "किती वेळा केलं की परत" हा आकडा. पुढे जोडनक्षी करताना हाच आकडा सर्वांत जास्त लागतो.

१०. अनेक क्यूबचं चित्र

शाळेच्या स्नेहसंमेलनाला किंवा गणपतीच्या सजावटीला मुलांना हे करायचंच असतं. क्यूब शेजारी शेजारी लावून त्यांच्या फक्त पुढच्या बाजूंचं चित्र करायचं. फ्रान्समधला इन्व्हेडर या नावाने ओळखला जाणारा कलावंत अशी मोठी चित्रं करतो. आपण ५×५ ने सुरुवात करू: पंचवीस क्यूब, १५×१५ म्हणजे २२५ घरं. एक अक्षर, एक फूल, मंदिराचं साधं शिखर यात बसतं. पंचवीस क्यूब विकत घेण्याची गरज नाही, वर्गातल्या मुलांकडून मागून घ्या आणि मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला पेन्सिलने नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवा.

ग्राफवर चित्र काढून दर तीन घरांनी जाड रेघ मारा. प्रत्येक चौकट म्हणजे एक क्यूब. तिला ओळ आणि रकान्याचा आकडा द्या. रंग सहाच आहेत, काळा नाही. गडद भागासाठी निळा, फिक्यासाठी पांढरा धरा, मध्ये पिवळा, केशरी, लाल, हिरवा.

एक क्यूब बसवताना चौकटीचं मधलं घर ज्या रंगाचं आहे ती बाजू वर धरायची. मग चार कडांची घरं, मग चार कोपऱ्यांची, अगदी पहिला थर लावतो तसं. फरक एवढाच की बाजूंचे रंग जुळवायचे नसतात, वरून दिसणारा रंग बरोबर असला की झालं. त्यामुळे ज्यांना क्यूब पूर्ण सोडवता येत नाही ती लहान मुलंही हे काम करू शकतात, आणि त्यांना ते जरूर द्या.

मांडणीला जरा मागे कललेला फळा घ्या, खाली लाकडी पट्टी ठोका आणि तळाची ओळ आधी लावा. प्रत्येक ओळ झाली की चार पावलं मागे जाऊन ग्राफशी ताडून पाहा. वरच्या ओळी चढल्यावर खालचा क्यूब बदलायचा तर सगळं उतरवावं लागतं.